पेशीतला मुकादम : पी-५३ हे प्रथिन आणि आपली तंबाखू



ज्या विद्यालयात मी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा कांद्याची पातळ साल पाहिली, त्याच विद्यालयाने या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते आमचे विज्ञानाचे सर. त्यांच्याविषयी गौरवाचे शब्द बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी त्यांची एकच आठवण सांगतो, कारण आजच्या विषयाचा उगम तिच्यात आहे.

साल १९८१. मी नववीत होतो. त्या वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीच्या तंबाखू-उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला होता. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. सारे गाव तंबाखूच्या भावाविषयी बोलत होते. आमच्या घरात मात्र तंबाखूचा विषय निराळ्या कारणाने निघत असे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, तोंडाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. गालाच्या ज्या बाजूला ते तंबाखू-चुन्याची चिमूट धरीत, त्याच बाजूला ती न भरणारी जखम झाली होती. आई वखारीत तंबाखू चाळण्याच्या कामावर जाई. आबांचे औषधपाणी आणि माझी शाळेची फी, दोन्ही त्याच मजुरीतून भागत असे.

पावसाळ्याच्या आरंभी आबा गेले. दिवसकार्य आटोपून मी शाळेत आलो आणि मधल्या सुट्टीत सरांना विचारले, “सर, त्या पानात असं काय असतं, की माणसाच्या गालाचं असं व्हावं?” सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तंबाखूनं होतो एवढं ठाऊक आहे. पण आत नेमकं काय होतं ते मला माहीत नाही. तू पुढं शिकलास, तर मला येऊन सांग.”

पुढे मला कळले, की सरांना ते उत्तर ठाऊक नव्हते याचे कारण तेव्हा जगातच ते कोणाला ठाऊक नव्हते. ज्या प्रथिनापाशी त्या उत्तराचा मोठा भाग सापडला, ते नुकतेच दोन वर्षांपूर्वी, १९७९ साली, शास्त्रज्ञांच्या नजरेस पडले होते. आणि त्यांनी त्याविषयी बांधलेला पहिला अंदाजही चुकीचा निघणार होता. त्या प्रथिनाचे नाव पी-५३. गेली अनेक वर्षे मी प्रयोगशाळेत हेच प्रथिन तयार करण्याचे व तपासण्याचे काम करीत आलो आहे. सरांना द्यावयाचे उत्तर आज आपणासमोर मांडतो.

१. जनुके आणि त्यांचे नियामक

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच तो ग्रंथ असतो. त्यात प्रथिने घडविण्याच्या सुमारे २०,००० कृती, म्हणजे जनुके, लिहिलेल्या आहेत. असे असूनही डोळ्याची पेशी यकृताचे काम करीत नाही. याचे कारण, प्रत्येक पेशी त्या ग्रंथातील काही निवडक पानेच उघडते. जनुकातील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल उतरवून घेण्याच्या क्रियेला प्रतिलेखन असे म्हणतात. कोणत्या जनुकाचे प्रतिलेखन केव्हा व्हावे आणि किती व्हावे, हे ठरविणारी प्रथिने म्हणजे प्रतिलेखन-नियामक प्रथिने. मानवात अशी सुमारे १,६०० प्रथिने आहेत.

हा विषय आपल्याकडे परका नाही. पुण्यात डॉ. संजीव गलांडे यांनी सॅट-बी-१ या नियामक प्रथिनावर आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांनी एल-एच-एक्स-२ या नियामकावर मोलाचे संशोधन केले. पहिल्या प्रथिनाचा संबंध पेशीकेंद्रातील डीएनएच्या मांडणीशी, तर दुसऱ्याचा गर्भावस्थेतील मेंदूच्या जडणघडणीशी आहे. २०१० सालचे जीवशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक या दोघांना मिळाले. पी-५३ हे याच कुळातील प्रथिन होय.

२. आरोपी ठरलेला रखवालदार

१९७९ साली डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड, आर्नोल्ड लेव्हाइन आणि अन्य काही संशोधक एकमेकांपासून स्वतंत्रपणे या प्रथिनापाशी येऊन पोचले. अर्बुदे निर्माण करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले असे ते त्यांना आढळले. त्याचे वजन ५३ किलोडाल्टन भासले, म्हणून त्याला पी-५३ हे नाव पडले. वास्तविक ते सुमारे ४४ किलोडाल्टनच भरते. परंतु एकदा पडलेले नाव सहसा जात नाही, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे.

कर्करोगाच्या पेशींत हे प्रथिन भरपूर प्रमाणात सापडे. त्यामुळे कर्करोग घडविणारे ते हेच, असा समज जवळजवळ दहा वर्षे टिकला. १९८९ साली तो पालटला. प्रयोगांसाठी अनेकांनी वापरलेले जनुक मुळात बिघडलेले, म्हणजे उत्परिवर्तित होते, असे ध्यानात आले. निर्दोष पी-५३ पेशींची बेसुमार वाढ थोपविते. ते बिघडले म्हणजे वाढीला आवर राहत नाही. घरात चोरी होताना जो माणूस सापडला त्याला सर्वांनी चोर ठरवावे आणि तो मार खाल्लेला रखवालदार निघावा, तसा हा प्रकार झाला. १९९२ साली लेन यांनीच त्याला जनुकसंचाचा रखवालदार म्हटले. ‘सायन्स’ या नियतकालिकाने १९९३ सालचा सर्वोत्तम रेणू म्हणून त्याची निवड केली. मानवातील निम्म्याच्या आसपास कर्करोगांत या एका जनुकात बिघाड आढळतो.

३. मुकादमाचे काम

वखारीत वाढलेल्या माणसाला रखवालदारापेक्षा मुकादमाची उपमा अधिक जवळची वाटते. मुकादम स्वतः पाटी उचलत नाही. काम कोणी सुरू करायचे, कोणी थांबवायचे, हे तो सांगतो. पी-५३ तसेच वागते.

एरवी पेशीत त्याचे अस्तित्व नाममात्र असते. एम-डी-एम-२ नावाचे दुसरे प्रथिन त्याला सतत धरून नष्ट करण्याच्या वाटेला लावते, त्यामुळे नवे पी-५३ काही मिनिटांतच संपते. डीएनएला इजा झाली, की हे चित्र पालटते. इजेची वर्दी देणारी विकरे पी-५३ वर फॉस्फेटची खूण चढवितात, एम-डी-एम-२ ची पकड सुटते आणि पी-५३ चा साठा वाढू लागतो. त्याचे चार रेणू एकत्र येऊन एक संच बनतो. हा संच डीएनएवरील ठरावीक अक्षररचना हुडकून तिला घट्ट धरतो आणि शेजारच्या जनुकाचे प्रतिलेखन सुरू करून देतो.

त्यांपैकी एक जनुक पी-२१ या प्रथिनाचे आहे. १९९३ साली त्याचा शोध लागला. पी-२१ पेशीचे विभाजन थांबविते, जेणेकरून दुरुस्तीला अवधी मिळावा. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर पी-५३ दुसरी काही जनुके जागी करते आणि ती पेशी स्वतःचाच शेवट करून घेते. एका पेशीच्या त्यागाने सारे शरीर वाचते. मुकादम गैरहजर असला किंवा आंधळा झाला, तर बिघडलेली पेशी आपला बिघाड पुढच्या पिढ्यांना देत राहते आणि त्यावर नव्या बिघाडांची भर पडत जाते. कर्करोगाची वाटचाल बहुतांशी अशीच होते.

४. जिवाणूकडून मानवी प्रथिन

हे सर्व इतक्या तपशिलाने कसे कळले? पेशीत पी-५३ इतके थोडे असते, की माणसाच्या पेशींतून ते अभ्यासापुरते मिळविणे अतिशय कठीण. म्हणून ते दुसऱ्याकडून बनवून घ्यावे लागते. त्यालाच पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात.

सीमाभागातल्या माणसाला हे तत्त्व समजायला जड जाऊ नये. आपल्यापैकी अनेकांचे घर कर्नाटकात आणि महाविद्यालय महाराष्ट्रात होते. निपाणीकरांचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात आहे. सीमा कागदावर असते. पलीकडचा मजकूर वाचता आला म्हणजे व्यवहार होतो. निसर्गाने जनुकांची लिपी जवळजवळ सर्व सजीवांना एकच दिली आहे. माणसाचे जनुक आतड्यातील इ. कोलाय या जिवाणूत घातले, तर जिवाणू ते वाचू शकतो. १९७३ साली स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी डीएनएचे तुकडे जोडून जिवाणूत घालण्याची रीत सिद्ध केली. १९७८ मध्ये अशा जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार झाले आणि १९८२ पासून ते औषध म्हणून मिळू लागले. आज आपल्यातील मधुमेही जे इन्सुलिन घेतात, ते याच विद्येचे फळ होय.

पी-५३ च्या बाबतीत कृती अशी. मानवी जनुकात मधूनमधून निरर्थक मजकूर असतो. तो गाळण्याचे कसब जिवाणूपाशी नाही. म्हणून मानवी पेशीने आधीच गाळून ठेवलेला आरएनए घेतात आणि त्यावरून उलट दिशेने डीएनएची प्रत काढतात. पी-५३ मध्ये ३९३ अमिनो आम्ले आहेत. प्रत्येकासाठी तीन अक्षरे आणि शेवटी विरामाची तीन, मिळून १,१८२ अक्षरांचा हा मजकूर. तो प्लास्मिड नावाच्या वर्तुळाकार डीएनएत जोडतात आणि त्याच्या टोकाशी हिस्टिडिन या अमिनो आम्लाची सहा जणांची शेपटी लावतात. हे प्लास्मिड घेतलेले जिवाणू पोषक द्रवात वाढवितात. द्रव पुरेसा गढूळ झाला, की एक रसायन घालून त्यांना प्रथिन बनविण्याची आज्ञा देतात.

पुढची पायरी धीराची आहे. पी-५३ फार नाजूक. जिवाणूंना ३७ अंशांवर ठेवून घाईने बनवून घेतले, तर ते गुठळ्या होऊन निकामी होते. म्हणून तापमान अठरा-वीस अंशांवर उतरवून रात्रभर थांबावे लागते. सकाळी जिवाणू गोळा करून ध्वनिलहरींनी फोडतात. तो रस निकेल बसविलेल्या नळीतून सोडतात. हिस्टिडिनची शेपटी निकेलला धरून राहते, बाकीची प्रथिने वाहून जातात. नंतर इमिडॅझोल नावाचे रसायन सोडले, की पी-५३ सुटून खाली येते. हे सारे बर्फाच्या गारव्यात करावयाचे. प्रथिनाच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो. तो निघून गेला तर घडी मोडते, म्हणून त्यालाही जपावे लागते. माझी पहिली तीन-चार खेपेची मेहनत अशी पांढऱ्या गाळात गेली होती. तेव्हा मला आईची आठवण झाली. चाळणीवर किती वेळ घासायचे आणि कोठे थांबायचे, हे तिच्या हाताला कळत असे.

शेवटी हाती येते ते कुपीच्या तळाशी थेंबभर पाणी. डोळ्यांना त्यात काहीच दिसत नाही. ते उणे ८० अंशांवर ठेवतात. बाजारात मिळणाऱ्या अशा कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ अशी सूचना असते आणि ती अक्षरशः खरी आहे. हे औषध नव्हे. ते टोचून कर्करोग बरा होत नाही, कारण असे प्रथिन आपण होऊन पेशीच्या आत शिरत नाही. शिवाय जिवाणूने बनविलेल्या पी-५३ वर मानवी पेशी चढविते त्या फॉस्फेटसारख्या खुणा नसतात. त्यामुळे निष्कर्ष काढताना ही उणीव संशोधकाने सतत ध्यानी ठेवावी लागते.

मग त्याचा उपयोग काय? ते डीएनएच्या कोणत्या रचनेला धरते, किती घट्ट धरते, कोणत्या रसायनाने ती पकड सुटते, हे तपासता येते. डीएनएचा एक तुकडा जेलमधून विजेच्या दाबाने धावू दिला, तर तो एका वेगाने पुढे जातो. त्याला पी-५३ चिकटलेले असेल, तर ओझे घेऊन चालणाऱ्या माणसाप्रमाणे तो मागे राहतो. एवढ्या साध्या तत्त्वावर पुष्कळ ज्ञान उभे आहे. आणि सर्वांत मोठा उपयोग म्हणजे या प्रथिनाची आकृती. १९९४ साली निकोला पाव्लेटिच यांच्या गटाने जिवाणूंत बनविलेल्या पी-५३ च्या गाभ्याचे डीएनएसह स्फटिक केले आणि क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. मुकादमाचा हात प्रथमच दिसला. त्या हाताची दोन बोटे डीएनएला थेट स्पर्श करतात : २४८ व्या आणि २७३ व्या स्थानावरील आर्जिनीन ही ती अमिनो आम्ले. कर्करोगाच्या रुग्णांत सर्वाधिक वेळा बिघडलेली जी मोजकी स्थाने आढळतात, त्यांत ही दोन्ही आहेत.

५. धूर कोठे चिकटतो

आता सरांच्या उत्तराजवळ येतो. विडी किंवा सिगारेट जळताना जो चिकट धूर निघतो, त्यात बेंझोपायरीन नावाचे द्रव्य असते. शरीर ते बाहेर टाकण्यासाठी त्याचे रूपांतर करू पाहते आणि त्या खटाटोपात अधिक घातक रूप तयार होते. हे रूप डीएनएतील ग्वानीन या अक्षराला जाऊन चिकटते. १९९६ साली मिखाईल डेनिसेंको, गर्ड फायफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पेशींवर हे द्रव्य सोडले आणि पी-५३ च्या जनुकात ते नेमके कोठे चिकटते, हे अक्षरागणिक तपासले. ते सर्वत्र सारखे चिकटले नाही. १५७, २४८ आणि २७३ या स्थानांवर त्याचा विशेष ओढा दिसला. फुप्फुसाच्या कर्करोगात याच स्थानांवर बिघाड वारंवार आढळत होता. ज्या बोटांनी मुकादम डीएनए धरतो, त्याच बोटांच्या मजकुरावर धूर जाऊन बसतो. पेशी नक्कल काढताना तेथे अक्षर चुकते आणि पुढच्या पेशीला लुळा हात मिळतो.

तंबाखू आणि कर्करोग यांचे नाते आकडेवारीने त्याआधीच सिद्ध झाले होते. या प्रयोगाने रेणूच्या पातळीवर गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे मिळाले. असाच ठसा १९९१ साली दुसऱ्या एका विषाचा मिळाला होता. भुईमूग, मका यांवर वाढणाऱ्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन पोटात जाते, अशा प्रदेशांतील यकृताच्या कर्करोगात २४९ व्या स्थानावर तोच बिघाड पुनःपुन्हा आढळला. ओल्या शेंगा नीट वाळवून ठेवा, असे आपले वडीलधारे सांगत, त्याला असाही आधार आहे.

परंतु आबा विडी ओढत नव्हते, ते तंबाखू चघळत. चघळण्याच्या तंबाखूत धूर नसतो. तीत पान वाळताना, मुरताना व साठविताना तयार होणारी नायट्रोसमाइने असतात आणि तीही डीएनएला इजा करतात. विडीच्या धुराइतका नेमका ठसा तेथे दाखविता येत नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. आबांच्या गालातील पेशींत कोणते अक्षर चुकले होते, हे आता कळण्याचा मार्गही नाही. मात्र त्यांच्यासारख्या रुग्णांत काय घडते, हे आपल्याच देशात शोधले गेले आहे.

६. आपल्याकडील परंपरा

या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. १९५२ साली परळ येथे स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. ‘तंबाखूनं होतो एवढं ठाऊक आहे’ हे सरांचे वाक्य अशा कामांच्या आधारावर उभे होते.

त्याच परंपरेत २०१३ साली कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था व नवी मुंबईतील टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र यांच्या गटाने गाल व हिरडीच्या कर्करोगातील जनुकीय बिघाडांचा नकाशा प्रसिद्ध केला. हा कर्करोग मुख्यतः तंबाखू चघळणाऱ्यांचा, म्हणजे आपल्या लोकांचा. त्यात वारंवार बिघडलेल्या जनुकांमध्ये पी-५३ चे जनुक अग्रभागी आढळले.

बिघडलेला मुकादम पुन्हा कामावर आणता येईल का, हा आजचा प्रश्न आहे. चीनमध्ये २००३ साली निर्दोष जनुक विषाणूमार्फत पेशीत पोचविण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली. अन्य देशांत त्याचा फारसा स्वीकार झाला नाही. २२० व्या स्थानावरील एका बिघाडाने प्रथिनात लहानशी खाच पडते. त्या खाचेत पाचरीसारखा बसून घडी सावरणारा रेणू शोधण्यात आला आणि तशा औषधांच्या रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या आहेत. अशा रेणूंची पहिली परीक्षा होते ती जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या प्रथिनावरच.

७. समारोप

मित्रहो, तंबाखूवर ताशेरे ओढून टाळ्या मिळविणे सोपे आहे. मी तसे करू शकत नाही. माझी फी तंबाखूच्या मजुरीतून आली. या सभागृहातील अनेकांची तशीच आली असेल. वखारीतील स्त्रियांनी प्रा. सुभाष जोशी यांच्यासमवेत संघटना उभारून आपल्या मजुरीसाठी व माणुसकीच्या वागणुकीसाठी जो लढा दिला, तो माझ्या डोळ्यांसमोर घडला. या पिकावर जगणाऱ्या माणसाला दुसरे पीक, दुसरी मजुरी न देता केवळ उपदेश करणे अन्यायाचे होईल. परंतु पोट भरणारी वस्तू म्हणून रेणू आपला धर्म बदलत नाही, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगणे कठीण जाते. माझी सारी हयात त्यात गेली.

म्हणून निरोप घेताना एवढेच मागतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेनासे झाले, किंवा एखादी जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर लाज न बाळगता डॉक्टरांकडे जा. आबांनी ती जखम सहा महिने उपरण्याआड लपविली होती. आणि विद्यार्थी मित्रहो, ज्याचे उत्तर शिक्षकांनाही ठाऊक नाही असा प्रश्न मनात आला, तर तो विचारायला कचरू नका.

सर गेले तेव्हा मी परगावी होतो. मला उत्तराचा काही भाग हाती लागला होता. पूर्ण झाले की जाऊन सांगू, असे म्हणत राहिलो आणि राहून गेले. ते अजूनही पूर्ण झालेले नाही. जेवढे हाती आले तेवढे आज त्यांच्याच शाळेत सांगितले.